नानांचा फोन मी उघडला

आमच्या घरात फोन नव्हता तेव्हा आमचं काम दुसऱ्याच्या दुकानातल्या फोनवर यायचं. माझे वडील, त्यांना मी नाना म्हणायचे, कांद्याच्या टोळीचे मुकादम होते. मुकादम म्हटलं की लोकांना मोठा माणूस वाटतो. नाना चौदा बायांची टोळी घेऊन लोकांच्या शेतात कांद्याची लागण आणि काढणी करायचे, आणि त्या चौदातली एक आई असायची. आमची स्वतःची जमीन म्हणजे घरामागची परसाएवढी पट्टी. त्यात कोथिंबीर यायची, पोट भरायचं नाही.

शेतकऱ्याला टोळी हवी असली की तो घोडेगावातल्या एका किराणा दुकानात फोन करायचा. दुकानाचे शेठ मूळचे मारवाडातले, पण मराठी आमच्याहून स्वच्छ बोलायचे. नाना रोज संध्याकाळी शिनोलीहून चालत घोडेगावला जायचे, एवढंच विचारायला की, "शेठ, काय निरोप?" निरोप असला तर शेठ वाण्याच्या कागदावर लिहिलेलं वाचून दाखवायचे. नानांना सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणून तो कागद घडी करून खिशात घालायचे आणि घरी येऊन माझ्यापुढं टाकायचे. नाना दुकानातून निघाल्यावर जर फोन आला, तर शेतकरी दुसरी टोळी बघायचा. मग चौदा घरं बसून. अशा दिवशी आई परातीत पीठ घेताना मूठ अर्धी उघडायची. मला ते दिसायचं, आणि मला दिसतंय हे तिलाही कळायचं.

मी अकरावीला गेले त्या वर्षी नानांनी मंचरमधून एक जुना स्मार्टफोन आणला. वापरलेला, मागच्या झाकणाला चीर गेलेला. सगळ्या सेटिंग मी करून दिल्या. कारण आमच्या तिघांत इंग्रजी वाचणारी मी एकटी. त्यातली एक सेटिंग नानांनी मुद्दाम मागितली.

"त्ये बोलणं भरून ठिवतं ना, त्ये चालू कर."

आमच्याकडं कांद्याच्या धंद्यात लिखापढी होत नाही. किती एकर, किती बाया, कधी यायचं, भाकरी कुणाची, सगळं फोनवर तोंडी. म्हणून जो तो आपल्या फोनवर कॉल रेकॉर्डिंग कायमचं चालू ठेवतो, शेतकरीही आणि मुकादमही. पुढं वाद झाला की कुणी देवाची शपथ घालत नाही. "लाव रेकॉर्डिंग" म्हणतात, आणि मग दोघं डोकी जोडून बांधावर ऐकत बसतात. मी रेकॉर्डिंग चालू केलं आणि ते मेमरी कार्डावर साठेल अशी सेटिंग लावली.

मग रोज जेवण झालं की नाना ओट्यावर बसून दिवसभराचे कॉल परत ऐकायचे. स्वतःचाच आवाज ऐकून मान हलवायचे. एखाद्या ठिकाणी फसले असतील तर स्वतःलाच शिवी द्यायचे. मी कॉलेजात गेल्यावर मला त्याची लाज वाटायला लागली. मी म्हणायचे, "नाना, मी शिकवते, लिहून ठेवत जा ना." ते म्हणायचे, "लिवलेलं खोडता येतं गं. बोललेलं कसं खोडशील?"

मी मंचरला बीएस्सी कॉम्प्युटर केलं. आमच्या भावकीत कॉलेजचं तोंड बघितलेलं त्याआधी कुणी नव्हतं, मुलगा नाही की मुलगी नाही. हे मी नम्रपणे सांगणार नाही, कारण ते नम्रपणे मिळालेलं नाही. पहाटेची एसटी, जर्नलसाठी उसनं पेन, आणि सुट्टीत टोळीत पंधरावी बाई. पदवी झाल्यावर मला मंचरलाच एका शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी लागली. नाना सगळ्यांना फोनवर सांगायचे, "पोरगी कॉम्प्युटरची डॉक्टर झाली." मी म्हणायचे, डॉक्टर नाही हो. ते म्हणायचे, "तुला काय म्हाईत?"

नोकरीला वर्ष होतं न होतं तोच, माघात, एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं.

टोळी आईनं घेतली. कुणी तिला घे म्हटलं नाही. चौथ्या की पाचव्या आठवड्यात निमगाव सावाहून एका शेतकऱ्याचा फोन आला, आईनं उचलला आणि म्हणाली, "मुकादम न्हाईत. पण बाया हायेत. येतो आमी." एवढंच. फोन तिच्याकडं राहिला. पण मला तिनं बजावून सांगितलं, "वरीस सरेस्तोवर त्यांचा आवाज लावू नको. जीव घुटमळतो माणसाचा. वर्षश्राद्ध झालं की लाव, मला बी ऐकायचाय." मी विज्ञानाची पदवीधर, असल्या गोष्टी मानत नाही. तरी मी ऐकलं. खरं कारण वेगळं होतं. माझीच लावायची छाती नव्हती. आतलं दार उघडलं की माणूस खाटेवर बसलेला असेल असं वाटत असतं, तोवर दार लावलेलंच बरं.

पावसाळ्यात त्या फोननं त्रास द्यायला सुरुवात केली. टोळीतल्या बाया मेसेजच्या ग्रुपवर बोलून निरोप टाकतात. ते ॲप म्हणायला लागलं की या फोनवर आम्ही आता चालणार नाही, तुमची सिस्टिम जुनी झाली. कंपनीनं त्या फोनला नवी सिस्टिम देणं कधीच बंद केलं होतं. मी आईला म्हटलं, माझ्या पगारात नवा घेऊ.

"मला नवा नगं. ह्यांच्या हातातला हाय त्यो."

मंचरच्या मोबाइल दुकानात दाखवला. दुकानदार फोन उलटासुलटा करून म्हणाला, "ताई, हा म्युझियमला द्या राव." मला राग आला. मी मनात म्हटलं, तुझ्या दुकानाला पाटी आहे, माझ्याकडं पदवी आहे. मी दाखवते.

जुन्या फोनवर नवी सिस्टिम घालता येते, हे मला माहीत होतं. पण त्याआधी त्याचं बूटलोडर उघडावं लागतं. आईनं विचारलं, ते काय असतं? मी तिला मार्केट यार्डाच्या गेटवरचा वॉचमन सांगितला. फोन चालू केला की सगळ्यात आधी जागा होतो तो हा. कंपनीची पावती असलेली गाडीच आत सोडतो, दुसरी कितीही चांगली असली तरी नाही. त्याला सांगायचं, बाबा, आता कुणालाही सोड. तो ऐकतो. पण त्याची एक अट असते. गेट उघडण्याआधी तो आतलं सगळं घर रिकामं करतो. फोटो, नंबर, मेसेज, काही ठेवत नाही. फक्त बाहेरून घातलेल्या मेमरी कार्डाला हात लावत नाही.

"मंग त्यांचं बोलणं?" आईनं लगेच विचारलं.

"ते कार्डात आहे. मीच तशी सेटिंग लावली होती."

तरी मी खात्री केली, म्हणजे मला वाटलं की केली. कार्ड लॅबमधल्या कॉम्प्युटरला लावलं. त्यात रेकॉर्डिंगचं फोल्डर होतं, दोनशेच्या वर फायली. नावं नव्हती, नुसते आकडे. मी फोल्डर तसंच्या तसं उचलून माझ्या कॉम्प्युटरवर ठेवलं, पेन ड्राइव्हवरही ठेवलं. एकही फाइल लावली नाही. आईला शब्द दिला होता. फोनमधले फोटो आणि नंबर वेगळे काढून घेतले. सगळं कसं शिस्तीत केलं.

फोनच्या सेटिंगमध्ये एका ओळीवर सात वेळा टिचकी मारावी लागते. मग फोन सांगतो, तुम्ही आता डेव्हलपर झालात. मी आईला म्हटलं, बघ, मला तीन वर्षं लागली, इथं सात टिचक्यांत होतं. ती म्हणाली, "मंग फी कशाला भरली व्हती?"

त्यानंतर कंपनीकडं परवानगी मागितली. कंपनीचं म्हणणं, सात दिवस थांबा. फोन चोरीचा नाही ना, घाईत काही करत नाही ना, हे बघायला असावं. एकशे अडुसष्ट तासांचं घड्याळ उलटं चालू झालं. रोज सकाळी आई विचारायची, "झालं का?" तिसऱ्या दिवशी म्हणाली, "फोनला बी सुतक असतंय व्हय?" आम्ही दोघी हसलो. नाना गेल्यापासून आम्ही एकत्र हसलो ते त्या दिवशी पहिल्यांदा.

सात दिवस विचार करायला दिलेले असतात. मी ते सात दिवस नवी सिस्टिम कुठली घालायची हे वाचण्यात घालवले.

आठव्या दिवशी रविवार होता. फोन बंद केला, आवाज कमी करायचं बटण दाबून ठेवून चालू केला, केबल लावली, कॉम्प्युटरवर हुकूम टाकला. फोननं स्क्रीनवर शेवटचं विचारलं, सगळं पुसलं जाईल, चालेल का? मी बटण दाबलं. थोडा वेळ काळी स्क्रीन. मग चालू होताना खाली एक छोटं उघडं कुलूप दिसलं. संध्याकाळपर्यंत नवी सिस्टिम बसली, ग्रुप चालू झाला, आईनं बायांना निरोप टाकला, "उद्या सातला पिकअप येतीया, डबं घ्या." मला फार भारी वाटलं. सोमवारी मुद्दाम त्या दुकानावरून गेले आणि फोन चालू करून दाखवला. तो म्हणाला, "मानलं ताई." मी मान ताठ ठेवून आले.

माघ आला. वर्षश्राद्ध झालं, पाव्हणे पांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी आई हात धुऊन, पदराला पुसून समोर येऊन बसली. म्हणाली, "लाव आता."

मी पहिली फाइल लावली.

एक माणूस म्हशीबद्दल बोलत होता. म्हैस दूध चोरते म्हणून. आवाज नानांचा नव्हता, आणि पलीकडचाही ओळखीचा नव्हता. मी म्हटलं, चुकून काही आलं असेल. दुसरी लावली. तोच माणूस, आता सोयरीक बघायला कुठंतरी निघालेला. तिसरी, दहावी, पन्नासावी. सगळीकडं तोच. कुठला कोण, त्याची म्हैस, त्याचा मेव्हणा, त्याचं बिघडलेलं बोअर. दोनशे फायली मी पावसाळ्यापासून जिवापाड सांभाळल्या होत्या, आणि त्यात नाना कुठंच नव्हते.

आई म्हणाली, "चांगला माणूस दिसतोय. म्हशीची लई काळजी करतोय." आणि उठून आत गेली.

काय झालं होतं ते मला कळायला वेळ लागला नाही. आमच्याकडं लोक मोबाइल दुकानात जाऊन कार्ड 'भरून' आणतात. कार्ड दिलं की दुकानदार ते साफ करतो आणि त्याच्या कॉम्प्युटरवरची गाणी, भजनं, पिक्चर एकगठ्ठा त्यात ओततो. त्या गठ्ठ्यात आधीच्या कुणा गिऱ्हाइकाच्या कार्डातलं काय काय मिसळलेलं असतं. नानांनी कधीतरी कार्ड भरून आणलं असणार. ते साफ झालं. कार्ड बाहेर काढल्याबरोबर फोननं रेकॉर्डिंग स्वतःच्या पोटात साठवायला सुरुवात केली, आणि पुढं तिथंच साठवत राहिला. म्हणजे नानांचा आवाज फोनच्या आत होता. ज्या फोनला मी सात टिचक्या मारल्या, सात दिवस थांबले आणि शेवटचं बटण दाबून पुसून टाकलं, त्याच्यात.

एक फाइल लावून बघायची होती. एक. कुठल्याही दुकानदारानं बघितली असती.

पुसलेलं परत मिळवून देतो म्हणणारे प्रोग्राम मी लॅबमध्ये बसून चालवले. त्यातून काहीच आलं नाही. पुसलेल्यावर नवी सिस्टिम लिहून मीच माती ओढली होती. नाना म्हणायचे, बोललेलं कसं खोडशील. मी खोडून दाखवलं. त्या दिवसांत मी एसटीत बसले की डोळे मिटून त्यांचा आवाज आठवायचा प्रयत्न करायचे. शब्द आठवायचे, आवाज यायचा नाही. शब्द माझ्याच आवाजात ऐकू यायचे. आई तर विषयच काढायची नाही. पण ओट्यावर संध्याकाळी ती फोन मांडीवर घेऊन बसायची, बंद करून. तिनं ओरडायला हवं होतं मला. ती म्हणायची, "जेव गं."

चैत्रात निमगाव सावाला काढणी होती. ज्यानं आईला पहिला फोन केला होता, त्याच शेतकऱ्याची. रविवार होता म्हणून मीही गेले होते. दुपारपर्यंत कांदा काटून ढीग लागले. आई बायांना म्हणाली, चला, उरकलं. तेवढ्यात शेतकरी आला.

"वैनी, आन् बराखीत कोण भरणार?" बराख म्हणजे कांदा साठवायची चाळ. ती शेताच्या पार वरच्या टोकाला होती.

"तुमचं तुमी. आमचं काटणीपातुर."

"आसं कसं? फोनवर काय म्हणाला व्हता तुमी? मुकादमांनी ठरवलं तसंच यंदा. मुकादमांनी भरून द्यायचं ठरवलं व्हतं."

"न्हाई ठरवलं. मी टोळीतच व्हते की तवा."

"तुमी टोळीत व्हता वैनी, फोनवर न्हवता. तवा कांदा थेट मार्केटला गेला म्हणून भरायचं पडलं न्हाई. लावू का रेकॉर्डिंग?"

"लावा ना! मी कुठं भिती?"

त्यानं खिशातून फोन काढला, बोटानं खालीवर केलं, आवाज वाढवला आणि हात पुढं धरला.

"हां बोला पाटील," नाना म्हणाले.

मी हातातलं पोतं खाली ठेवलं. आई होती तिथंच उभी राहिली. कांद्याच्या पातीचा उग्र वास, वर ऊन, आणि मधेच नाना बोलत होते, नेहमीसारखे थोडे घाईत, शेवटचा शब्द गिळत. "भरून देऊ की. बराखीत भरून देऊ. आमी काय पळून चाललोय? पण पाती तुमी उचलायच्या बरं का, त्ये आमच्या बायांच्या माथी न्हाई." मग शेतकऱ्याचं हसणं. मग मागून लांबून एका बाईचा आवाज, "आवो, भाकर गार झाली." आणि फोनपासून तोंड वळवून नाना, "आलो गं. आलो." कॉल संपला.

शेतकऱ्याच्या तेव्हा लक्षात आलं की आपण काय लावलं. त्याचा चेहराच उतरला. "वैनी, ऱ्हाऊ द्या. आमचं आमी भरतो."

"परत लावा," आई म्हणाली.

त्यानं परत लावलं. तिनं तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकताना "आलो गं" च्या आधीच तिची मान हलली. मग तिनं पदर खोचला आणि बायांना म्हणाली, "उचला पाट्या. त्यांनी कबूल केलंय, त्ये भरून द्यायचं."

दिवस बुडेपर्यंत आम्ही भरत होतो. मी त्या शेतकऱ्याकडं गेले आणि म्हटलं, भाऊ, ते मला द्याल का? तो म्हणाला, "आगं घे की. अजून बी आसंल एखादं." शोधून त्यानं दुसरंही दिलं.

फोनवरच्या बोलण्याला दोन टोकं असतात, ही साधी गोष्ट कॉम्प्युटरच्या पदवीधराला सुचली नव्हती. एका टोकाचं मी पुसलं होतं. दुसरं टोक जुन्नर आणि आंबेगावच्या शेतकऱ्यांच्या खिशात होतं.

मग मी सुट्टीच्या दिवशी फिरायला लागले. आईकडून नंबर घ्यायचे आणि जायचे. दारात उभं राहून काय सांगायचं, हे पहिल्या दोन-तीन ठिकाणी जमलं नाही. "तुमच्या फोनमध्ये माझे वडील आहेत का बघता?" असं कसं विचारायचं? पुढं तसंच विचारायला लागले. बऱ्याच जणांनी फोन बदलला होता. काहींच्या नव्या फोनमध्ये रेकॉर्डिंग सुरू झालं की फोनमधली बाई इंग्रजीत तसं जाहीर करते, म्हणून त्यांनी ते बंदच केलेलं. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "पोरी, गेल्याच म्हैन्यात साफ केला गं. तू जरा आधी यायचं." चहा सगळ्यांनी दिला. एकानं दिलेल्या कॉलमध्ये नाना त्यालाच वीस वाक्यं शिव्या देतात. तो म्हणाला, "हे बी घेऊन जा. चूक माझीच व्हती."

वर्षभर हिंडले. मला हवं होतं ते सगळं मिळालं नाही. ओट्यावर ऐकलेले ते शेकडो कॉल गेले, ते माझ्या हातानं गेले, आणि मी ते कुणावर ढकलत नाही. नाना मला फोन करायचे, ते बोलणं तर कुठंच उरलेलं नाही, कारण माझ्या फोनवर मी रेकॉर्डिंग कधी लावलंच नव्हतं. मला वाटायचं, ते अडाणी लोकांचं काम.

नानांचे अकरा कॉल मिळाले. सगळे मिळून साडेचौदा मिनिटं. ते आईच्या फोनमध्ये आहेत आणि आणखी दोन ठिकाणी कॉपी करून ठेवले आहेत. कॉपी केल्यावर प्रत्येक कॉल मी पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून ऐकला आहे.